न मारलेलं तिसरं बोअर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मुलुंड पश्चिम, डोंगराकडची बाजू, नवदुर्गा सहनिवास. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सामान उतरवलं. जागा झकास आहे. तीन मजली इमारत पूर्ण रिकामी, पाडायला काढलेली. बिऱ्हाडं गेली, दारांवरची वाळलेली तोरणं आणि खिडक्यांची ग्रिलं तेवढी उरली. तळमजल्यावरची दोन नंबरची खोली मला पंधरा दिवस राहायला दिली आहे. बाहेरची खोली दहा बाय बारा, स्वयंपाकघर आठ बाय नऊ. नळाला पाणी आहे, ओट्याजवळ वीज आहे, दुपारी एकपर्यंत ऊन येतं. हॉटेलात राहून डास मारत बसण्यापेक्षा शंभरपट बरं.

इथे चौदा मजले उठणार, चौऱ्याऐंशी घरं. त्याआधी जमीन कशी आहे ते सांगायचं माझ्याकडे आहे. चार ठिकाणी बोअर मारायचं, माती किती घट्ट ते दर दीड मीटरला मोजायचं, खडक लागला की त्याचे तुकडे काढून ओळीने पेटीत लावायचे आणि नोंद लिहायची. पाया त्या नोंदीवर ठरतो. बाकी सगळे नुसते हेल्मेट घालून फोटो काढतात.

माझं शिक्षण नववी. मातीतली वर्षं अठ्ठावीस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं आणि दुसरं बोअर पूर्ण. खडक अनुक्रमे ६.२ आणि ६.५ मीटरला. काळा, टणक, टोला मारला की घंटेसारखा वाजणारा.

बिल्डरचा माणूस ओजस दिवसातून दोनदा येतो. बूट पांढरे. मातीच्या कामाला पांढरे बूट! मला नाना यार म्हणतो आणि अठरा तारखेला रिपोर्ट हवा म्हणतो. मुरूम आणि मातीतला फरक विचारला तर म्हणाला, कलर ना?

सल्लागारांकडून भूगर्भवाली मुलगी येते, गंधाली. एम.एस्सी. आहे, हे तिने सांगितलं नाही, पण तिच्या पिशवीवर कॉलेजचं नाव आहे. मला काका म्हणते. मी कुणाचा काका नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. हो काका, म्हणाली.

आज ती मला ठोक्यांची चाचणी समजावायला लागली. मला! साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटीमीटरवरून रॉडवर सोडायचा. रॉडवर पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन खुणा खडूने केलेल्या. रॉड एकेक खूण आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. पहिला आकडा टाकून द्यायचा, कारण वरची माती ढवळलेली असते. पुढच्या दोघांची बेरीज धरायची. घट्ट जमिनीत बेरीज मोठी, भुसभुशीत जमिनीत लहान. यासाठी लोक पाच वर्षं कॉलेजात जातात. मला दादूने एका दुपारी शिकवलं, तेही विडी ओढता ओढता.

दादू हातोड्यावरचा माणूस होता. अक्षरशत्रू. मोजणी झाली की पान्याने रॉडवर हलके टोले द्यायचा, जेवढे रॉड खाली तेवढे टोले. एक रॉड म्हणजे दीड मीटर. लिहिणाऱ्याने खोली चुकवू नये म्हणून ही त्याची पद्धत. दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौथं बोअरही संपलं, खडक ६.८. तिन्ही बोअर कुंपणालगत आहेत. तिसऱ्याची खूण नकाशावर बरोबर मध्ये येते, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात. ओट्यापासून चार फुटांवर. तिथेच पुढे लिफ्टचा गाभा येणार, सगळ्यात जास्त वजन तिथे.

गंधाली म्हणते लाद्या फोडा, भिंतीला भोक पाडून रिग, म्हणजे बोअरचं मशीन, आत घ्या, पण तिसरं माराच. का, तर तिला एका जुन्या नकाशात इथे खड्ड्याची खूण दिसली. नकाशा कागदाचा असतो बाई, जमीन जमिनीची असते, असं मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, काका, तिन्ही बोअर कडेला आहेत, खड्ड्याच्या काठावरही खडक असाच लागेल ना? पुस्तकात वाचलेलं बोलते.

मग गेटवरच्या लवूला जोर आला. सत्तरीचा मालवणी माणूस, बाप गिरणीत होता, हा इथेच वाढला. हयसर खदान होती, आमी तळ्यात उड्यो मारू, मगे गाडये भर-भरून राबिट आणून बुजवल्यानी, माका इचार, म्हणाला. राबिट म्हणजे पाडलेल्या घरांचा मलबा. मी विचारलं, किती खोल? तर म्हणे, पाय टेकाक नाय. हे याचं माप! तेव्हा हा सहा वर्षांचा. सहा वर्षांच्या पोराचे पाय कुठेच टेकत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रिग आणि माणसं विक्रोळीच्या कामावर गेली. मीच पाठवली. गंधालीने फोनवर वाद घातला. मी म्हटलं, तिसरं मी बघतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिसरं बोअर पूर्ण.

म्हणजे लिहून पूर्ण. दीड मीटरला १८, तीनला २७, साडेचारला ४१, सहाला घट्ट मुरूम, ६.६५ ला खडक. दोन आणि चारच्या मधोमध जे असायला हवं ते. याला लाइनीत टेबलावरचं बोअर म्हणतात. चार रस्त्यांवरच्या प्रत्येक इमारतीखाली असं एखादं असतं. अठ्ठावीस वर्षांच्या हाताला जे कळतं ते मोजायला हातोडा लागत नाही. गंधालीसारख्यांना लागतो.

दादू अशा नोंदीला हात लावायचा नाही. न मारलेलं बोअर राहत नाही, ते कुणाला तरी मारायला लागतं, अशी त्याची समजूत होती. प्रत्येक नव्या जागी नारळही फोडायचा. असो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी जेवत होतो. ठोके ऐकले. स्वयंपाकघरातून.

तीन ठोके, थांबा. चार ठोके, थांबा. पाच, थांबा. लय चोख. हातोडा वर ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढंच अंतर. मग वेगळा, हलका आवाज, लोखंडावर लोखंड. पाच वेळा.

शेजारच्या प्लॉटवर कुणी काम काढलं असणार. बाहेर जाऊन पाहिलं. उजवीकडे शाळेचं मैदान, डावीकडे दवाखाना, मागे डोंगर. कुठेही रिग नाही. लवूने मलाच विचारलं, तुमचा मशीन गेला ना, मगे ठोकता कोण?

चार अधिक पाच नऊ. कुणाची का जमीन असेना, भुक्कड आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा एक वाजून दहा. तीन, तीन, चार. बेरीज सात. हलके टोले चार.

काल पाच होते. आज चार.

ठोके चालू असताना स्टीलचा पेला भरून लादीवर ठेवला. पाणी मधोमध हललं. आवाज बाजूने येत असता तर एका कडेने हललं असतं. आवाज सरळ खालून येतो आहे.

पाइपात हवा असेल. जुन्या इमारती. ओजसला सांगितलं तर म्हणाला, नाना यार, एकटे राहून तुमची वाट लागली, रिपोर्ट द्या आणि सुटा. पांढऱ्या बुटांना आता माझी दया येते!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन, दोन, तीन. पाच. हलके टोले तीन.

पाइपात हवा असली तर ती खडूच्या खुणेवर थांबत नाही.

मी मूर्ख नाही. मांडून पाहिलं. टोले म्हणजे रॉड, रॉड म्हणजे दीड मीटर. गुरुवारी साडेसात मीटर. शुक्रवारी सहा. आज साडेचार. कुणीतरी चाचणी करतंय, व्यवस्थित, रोज एक. फक्त आपण वरून खाली जातो.

हे वर येतंय.

माझ्या नोंदीत साडेसातला खडक आहे. त्याला तिथे नऊ ठोके लागले.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक, दोन, एक. तीन. टोले दोन.

पान्याचा तो आवाज मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकला होता. दुसऱ्या टोल्याला पाना किंचित घसरतो. दादूचा अंगठा मोडका होता, म्हणून.

लिहूनच टाकतो, वही माझी आहे. घाटकोपर, २०११. त्या जागेवर चौथं बोअर मी चहाच्या टपरीवर बसून लिहिलं. तीन मीटरखाली मुरूम, बाजूंना आधार नको. पायाच्या विहिरी हाताने खोदत होते. दादूला नोंद पटली नाही, तो स्वतः खाली उतरला बघायला. पावणेपाच मीटरवर बाजू आत आली, दादू खालीच राहिला. मुरूम नव्हता. राख होती.

चौकशीत मी म्हणालो, दादू न विचारता उतरला. सगळ्यांनी मान डोलावली. अडाणी माणूस, म्हणाले. मीही म्हणालो.

सामान बांधलं. पण गेलो तर नोंद खोटी आहे हे कबूल केल्यासारखं होईल. गंधालीला फोन लावला. सांगणारच होतो. तिने हॅलो काका म्हटलं आणि मी तिला पेटीवरची लेबलं चुकलीत म्हणून झापलं. लेबलं चुकलेली नाहीत. मंगळवारी दोनला सही केलेली नोंद न्यायला येते म्हणाली. त्यावरच पाया काढायचा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एक. एक. एक. बेरीज दोन. टोला एक.

दीड मीटर.

पेन्सिल जमिनीवर ठेवली की स्वयंपाकघराकडे घरंगळते. चौकटीला ओळंबा लावला, अकरा मिलिमीटरचा फरक. काल चार होता. खालचा भराव ढळतोय, एवढंच. भराव आहे, लवूचं खरं होतं— सहा वर्षांच्या पोराचं माप खरं निघालं आणि माझं—

सही अजून केलेली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

१२.४०

सकाळी निघायला हवं होतं. नोंद बदलून लिहू की नको यात— चौकट मोडल्यासारखी दबली आहे, दार उघडत नाही. खांदा लावला. खिडकीला ग्रिल. लवूला हाक मारली, तो पहार आणि माणसं आणायला गेला. फोन ओट्यावर चार्जिंगला आहे. ओट्यापर्यंत नऊ लाद्या. मधल्या चार वर आल्यात, पोळी फुगते तशा. मी त्या ओलांडणार नाही.

१२.५८

लवू आला नाही. ऊन आहे. शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांचा आवाज येतोय. एवढ्या उजेडात—

१.०४

हात ग्रिलमधून बाहेर काढलाय. वही बाहेरच्या कठड्यावर ठेवून लिहितोय. काही झालं तर ती बाहेरच पडेल. अक्षर वाईट आहे, माफ कर.

गंधाली, तिसरं बोअर मारलेलं नाही. आकडे माझ्या मनाचे, सही करायच्या पानावर खोडलेत, पान याच वहीत आहे. खरे हे. साडेसातला ९, सहाला ७, साडेचारला ५, तीनला ३, दीडला २. खडक नाही. खदान आहे, तू म्हणालीस तशी. तिन्ही बोअर काठावर पडली. लिफ्टचा पाया या नोंदीवर काढू देऊ नकोस. ओजस ऐकणार नाही. लाद्या फोड, पुन्हा मार, तळ लागेपर्यंत मार. चौऱ्याऐंशी घरं आहेत. लेबलं बरोबर होती.

घाटकोपरचं चौथंही मीच. दादू अडाणी नव्हता. त्याला कळलं होतं म्हणून तो उतर

१.१०

पहिला. एक ठोका.

दुसरा. एक.

तिसरा— ठोका नाही. रॉड नुसत्या वजनाने— वर—

टोले नाहीत. शून्य रॉड. जमिनीला लागला.

लादी सरकवल्याचा आवाज. मागे बघत नाही. पाना ग्रिलवर, माझ्या हाताजवळ, हलकेच, दुसऱ्या टोल्याला घसर

दादू, खोडलंय रे, हे बघ, खरे आकडे लिहिलेत, नऊ, सात, पाच, ती