गाणं मागे कोण ओढतंय

३ नोव्हेंबर, रविवार
पाद्री आज दुसऱ्या बेटावर. प्रवचन शाळेच्या बाईंनी वाचलं, गीतं मी उचलली. म्हातारे हानुस दम्यानं घरी बसल्यापासून चर्चमध्ये सूर धरायचं काम माझ्याकडे. आजही गाणं लंगडलं. कुणीतरी मुद्दाम मागे ओढतंय. संशय रेगिनवर. महिनाअखेर कायमचा गायक ठरणार, आणि जागा त्याला हवी आहे. मनात राग नाही. देव जाणतो.

१० नोव्हेंबर, रविवार
फोन कोटाच्या वरच्या खिशात ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. पाप नव्हे, पुरावा. घरी लावलं तर डब्यात माश्या कोंडल्यासारखं. चोर ओळखू येईना. फोन हॉलमधल्या स्टिरिओला जोडायचा. सोपं काम.

१२ नोव्हेंबर
फोनला वायरचं भोकच नाही. कंपनीनं काढून टाकलं. का? राजधानीतून, तोर्सहाव्नहून, जोडणीची वायर मागवली. बायकोनं, सुन्वानं, विचारलं, स्टिरिओच्या मागे तोंड घालून काय चाललंय. धूळ पुसतोय म्हणालो. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

१६ नोव्हेंबर
वादळामुळे बोट नव्हती. जोडणी आज आली. लावली. नुसती खरखर. पाकीट आधी उघडलेलं वाटलं. बोटीवरचं सामान कोण उतरवतं? रेगिनचा मेहुणा.

१९ नोव्हेंबर
सुन्वा वाकली, म्हणाली, अहो, रेकॉर्ड प्लेअरच्या भोकात खुपसलीय. शेजारच्यात घातली. आवाज लख्ख. मीही तेच करणार होतो. पुढे ऐकलं नाही. पुरावा साक्षीदारांसमोरच उघडावा. शनिवारी चर्चच्या मंडळाच्या प्रमुख मार्यूनबाईंना कॉफीला बोलावलं. रेगिनलाही. तोंडावरच सोक्षमोक्ष.

२३ नोव्हेंबर, शनिवार
केक, रुबार्बचा जाम. मग लावलं. एकेक गळा वेगळा ऐकू आला. रेगिन, मागच्या बायका, सगळे एका चालीत. त्यांच्या अर्धी ओळ पुढे एकजण एकटाच धावतोय. मार्यूनबाई म्हणाल्या, याची बोट चुकतेय का.
रेगिन केकवर जाम पसरत राहिला. शेवटी म्हणाला, हेरी, गड्या, आम्ही उन्हाळ्यापासून तुला गाठायला धावतोय. हानुसकाका म्हणाले होते, सांभाळून घ्या त्याला.
फोन माझ्याच तोंडाशी होता, हे मी लक्षात आणून दिलं. सुन्वा म्हणाली, त्यानं आवाज मोठा येईल, लवकर कसा येईल?

२४ नोव्हेंबर, रविवार
सूर रेगिननं धरला. मी दाराजवळ बसलो. नम्रता हीही सेवाच. पहिली ओळ सगळ्यांना गाऊ दिली, मगच सावकाश सुरुवात केली.
आमेनला तरी मीच आधी पोचलो.