राज्याचा कल आणि समोरची शिवणवाली

ता. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू हं हं करत दुसरंच काहीतरी करत असतेस, म्हणून पत्र लिहिते. पत्र वाचताना हात तरी मोकळे ठेवावे लागतात.

परवा तू आपल्या गल्लीत येऊन गेलीस. मी खिडकीतच होते. समोरच्या शिवणवालीकडे शिरलीस ती अख्खी दुपार तिथेच. तिचं मशीन बंद होतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं तरी ते मशीन थांबत नाही, तुझ्यासाठी थांबलं. मग माझ्याकडे येऊन उभ्या उभ्या पाणी प्यालीस आणि चालती झालीस.

संध्याकाळी बाईसाहेब काही कारण नसताना माझ्या दारात. म्हणाली, निवडणुकीत राज्य कोणाकडे झुकतंय ते थोड्याच लोकांना विचारून ठरवतात आणि त्या थोड्यांत ती आहे. हे सांगताना तिने ओठांतली टाचणीसुद्धा काढली नाही, इतका ताठा. अगं, आपला आमदार कोण ते तिला ठाऊक नाही. रोज तिच्या मशीनशेजारी बसून मी पेपर मोठ्याने वाचते तेव्हा ती हो का अक्का, हो का अक्का करत काज घालते. जुना पक्ष कसा, नवा पक्ष कसा, सगळं तिला माझ्या तोंडून कळतं. आणि राज्य विचारतंय तिला.

तुझ्या आजोबांनी मला कधी विचारलं नाही. तुझ्या बापाने विचारलं नाही. म्हटलं नात शिकलीय, ती विचारेल. तू रस्ता ओलांडलास तो नेमका उलट्या बाजूला.

पुढच्या खेपेला माझं नाव घाल. वेळेवर जेवत जा आणि मला मनातून उतरवू नकोस.

तुझी आजी

~

ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसत होते.

आजी, घर मी निवडत नाही, ऑफिसातलं मशीन चिठ्ठ्या काढल्यासारखं निवडतं. आपल्या गल्लीतून शिवणवालीचं घर निघालं. तुझं निघालं असतं तरी मला तुला विचारता आलं नसतं, कारण नातेवाइकांना विचारायचं नाही हा पहिला नियम. तू मला जन्मभर बोलशील, पण नियम तो नियम.

यंदा राज्य अगदी काठावर आहे. वरचे तालुके जुन्यांकडे, कारखान्यांची गावं नव्यांकडे, आणि आपला भाग जिकडे जाईल तिकडे सरकार. म्हणून माझ्या कामावर साहेबांची बारीक नजर आहे. ते नीट उतरलं की मला कायम करतील. मग खोली घेईन आणि तुला माझ्याकडे आणीन, तेव्हा हवी तितकी मतं ऐकव.

शिवणवालीने काय सांगितलं ते विचारू नकोस. तिलाही खोदू नकोस. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी भिंगरी

~

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या मशीनवाचून माझं काही अडलं नाही. मला विचारलं.

शिवणवाली शाळेत गणवेश पोचवायला गेली होती आणि घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान माझ्यावर सोपवलं होतं. मी तिच्या स्टुलावर बसले होते. तेवढ्यात एक चष्मेवाला आला, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. या घरच्या बाई आपणच ना, म्हणाला. मी मान हलवली. दुकानात बाई मी एकटीच होते, दुसऱ्या कोणाला हलवायला सांगणार? त्याने वय विचारलं, मी तिचं सांगितलं आणि बसल्या जागी सहा वर्षांनी तरुण झाले. मग महागाई, पाणी, दवाखाना, सगळ्यावर माझं काय म्हणणं ते त्याने विचारलं. मध्ये तोडलं नाही की घड्याळ पाहिलं नाही. तुझे आजोबा जिवंत असते तर त्यांना त्याच्या शेजारी बसवलं असतं, माणसाने ऐकावं कसं ते शिकायला.

शेवटी म्हणाला, मागे एक मुलगी येऊन हेच प्रश्न तुम्हाला विचारून गेली का? मी नाही म्हटलं. खोटं कुठे बोलले? मला तू विचारलंच नव्हतंस.

मत कोणाला सांगितलं ते तुला सांगणार नाही. गुप्त असतं म्हणे. शिवणवालीलाही यातलं काही सांगितलं नाही. एकट्या तिनेच का मिरवायचं?

थंडी सरली तरी अंगावर घेऊन झोप. राग धरू नये, ही विनंती.

तुझी आजी

~

ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. तो चष्मेवाला आमचा तपासणीस होता. मी खरंच घरोघर जाते की बसल्या जागी उत्तरं भरते, हे पाहायला आला होता.

त्याच्या मते शिवणवालीने साफ सांगितलं की कोणी मुलगी आलीच नाही. शिवाय तिचं मत आधी जुन्यांना होतं, ते आता नव्यांना निघालं. मी सगळं मनाने लिहिलं असं ठरवून साहेबांनी माझी सगळी घरं रद्द केली आणि मला घरी बसवलं. आपला भाग वगळून राज्याचा अंदाज उद्या छापायला जाणार होता, तो मी हातापाया पडून आठवडाभर थांबवलाय.

मी खरं सांगितलं तर स्वतःला वाचवायला आजीची गोष्ट रचते म्हणतील. आता तूच काय ते कर. मला आणखी लिहवत नाही.

भिंगरी

~

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला कामावर परत घेतल्याचा निरोप पोचलाच असेल. पण ते कसं झालं ते माझ्याकडूनच ऐक, शिवणवाली तिखटमीठ लावून सांगेल.

तुझं पत्र घेऊन मी तिच्या दुकानात गेले. आयुष्यात त्या उंबऱ्यावर मी अशी घुटमळले नव्हते. सगळं सांगितलं. तिने अर्धा शिवलेला गणवेश तसाच ठेवला, शटर ओढलं आणि आम्ही बस पकडून तुझ्या ऑफिसात गेलो. साहेबांसमोर ती म्हणाली, मुलगी आली होती, सगळे प्रश्न विचारून गेली, चष्मेवाल्याला उत्तरं देणारी बाई मी नव्हे. मी म्हटलं, बरोबर आहे, स्टुलावर मीच होते. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. तुझी सगळी घरं परत धरली, फक्त शिवणवालीचं उत्तर काढून टाकलं. एका घराची दोन तोंडं झाली म्हणे. म्हणजे राज्याने शेवटी ना तिला विचारलं ना मला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण परतीच्या बसमध्ये ती माझ्याकडे पाहीना. वाटलं, ताठा उतरला म्हणून रुसली. शेवटी म्हणाली, "अक्का, मी जुने सांगितले ते तुमच्यावरून. इतकी वर्षं माझ्या मशीनशेजारी बसून तुम्ही जुन्यांचं गाणं गाता, आणि मनातलं सांगितलंत त्या चष्मेवाल्याला?"

मग सांगावं लागलं. तुझे आजोबा जुन्यांचे. भिंतीवर त्यांचा पुढाऱ्यांबरोबरचा फोटो. त्या घरात राहून दुसरं बोलायला तोंड कसं उघडू? पण जुन्यांनी आपला दवाखाना उचलून हमरस्त्यापलीकडे नेला, तेव्हापासून माझं मत फिरलंय. माझंच तोंड तिचं नाव लावून बसलं होतं, म्हणून ते खरं बोललं.

यावर तिने विचारलं, मग आता तिने मत कोणाला द्यायचं? सांगायला मी तोंड उघडलंच होतं, पण म्हटलं, तुला काय वाटतं?

भिंगरे, चूकच झाली. गल्ली येईपर्यंत ती थांबली नाही. पाण्यावर, शाळेवर, वीजबिलावर, दोन्ही पक्षांच्या उमेदवारांच्या बायकांवरसुद्धा तिची मतं आहेत, आणि ती कुणाच्या पेपरातली नाहीत. त्यातली निम्मी मला सुचायला हवी होती. रात्रभर झोंबत राहिलं.

आज पेपर तिने वाचला. मी बटणं लावली.

खोली बघशील तेव्हा रस्त्याकडे खिडकी आहे का ते पाहा. तोपर्यंत आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी आजी