फलकाआडचं निशाण

१२ एप्रिल

दादा,

नमस्कार. आई ठीक आहे. दुकान बंद आहे, तरी विंडसर्फिंगच्या फळ्या धुऊन ठेवल्यात. तू सासुरवाडीला सुखरूप पोचल्याचं वहिनीकडून कळलं. सुखरूप पोचणं तुला जमतंच.

तुझा निरोप मिळाला: "चौकशीत सांग, वारा अचानक उठला. एवढं सांगायला पदवी लागत नाही." खरंय. पण अचानक काही उठलं नव्हतं, हे सांगायलाही ती लागत नाही.

छपरावर स्वतःच्या फोटोचा तो अवाढव्य फलक लावलास, आणि वारा बघायचं निशाण त्याच्या आडोशाला गेलं. जमिनीकडून वारा सुटला की ते तुझ्या हनुवटीखाली मरगळून लटकतं. आत पाण्यावर मात्र वारा पिसाळलेला असतो. निशाण हलव म्हटलं, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट! हिला वारासुद्धा पुस्तकात बघावा लागतो." बाबा सोडून सगळे हसले.

वारा वाढला की शीड लहान घ्यायचं. पाणी खवळलं की फळीही लहान, कारण मोठी फळी लाटांवर नुसती आपटत राहते. शिकायला आलेल्यांना पहिल्याच दिवशी आपण हे सांगतो. पण लहान शिडावर तुझं नाव मावत नाही ना! फोटोत नाव दिसायला हवं, माणूस दिसला नाही तरी चालेल.

त्या दिवशी गिऱ्हाईक मोठ्या शिडाला घाबरलं. मी लहान काढलं, तर तू ओरडलास, "वारा आहे कुठे? निशाण बघ की! बाबा, तुम्हीच दाखवा यांना एक फेरी मारून." बाबा तेच मोठं शीड घेऊन पाण्यात उतरले, आणि आत वाऱ्याने त्यांना शिडासकट आपटलं. त्यांना ओढून किनाऱ्यावर आणलं, तेव्हा तू लोकांना सांगत होतास, "म्हातारा ऐकतच नाही हो." आणि संध्याकाळच्या गाडीने पसार.

आता बाबांबद्दल. इतका वेळ तेच लिहायचं टाळतेय. उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शीड पुन्हा उचलणं नाही. काल त्यांना शर्ट चढवताना मी विचारलं, "निशाण पडलेलं होतं, पण आतलं पाणी दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. पांढरंफेक झालं होतं."

"मग?"

"चारचौघांत त्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा, बाळ?" डाव्या हाताने बटण लावत म्हणाले, "चौकशीत सांग, शीड मीच निवडलं."

सोमवारी चौकशी आहे. खरं सांगितलं तर परवाना जाईल. आई मला घर बुडवलं म्हणेल. बाबा कदाचित काहीच म्हणणार नाहीत, आणि तेच मला सोसणार नाही. तरीही सांगणार आहे.

फलक उतरवलाय. उताणा टाकून त्यावर ओली शिडं वाळत घातलीत. निशाण आता दिवसभर फडफडतं. हिंमत असेल तर येऊन बघ.

चारचौघांत तुझा शब्द खाली पडू देणारी,
तुझी बहीण