तुरीनचे उरलेले फोटो

३ जुलै

पाठवला! रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हिरवा नळ, बैलाच्या तोंडातून पाणी पडतंय आणि एक जाडशी बाई त्याखाली पीच धुतेय. मागच्या जुलैतला फोटो. खाली लिहिलं — "पोचलो गं. भयंकर ऊन!"

इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला, पंधरा डिग्री. पाऊस. मी ब्लँकेटमध्ये.

आईचं उत्तर लगेच — "अगं बाई, हे तर गोमुख!"

म्हणजे खपलं. आता उन्हाळाभर हेच करायचं. नवऱ्याला, अभिजितला, कंपनीने मागच्या वर्षीसारखंच इटलीत तुरीनला पाठवलंय, मीही बरोबर आलेय, घर बंद, तेव्हा तू ऑगस्टनंतर ये — असं आईला सांगून टाकलंय. व्हिसा पासपोर्टवर लागून तयार होता तिचा. मेतकूट आणि लोणचं बॅगेत भरूनही झालं होतं.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. अभिजित मे महिन्यात हे घर सोडून कॉर्क शहरात राहायला गेला. भांडण नाही. दुसरी कुणी नाही. "मला नाही जमत आता, ज्ञानदा," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बरं. मग भांडी घासली.

६ जुलै

आज ट्रामच्या थांब्यावर झोपलेले आजोबा. मांडीवर अख्खं कलिंगड.

आई — "टरबूज कसं लेकरासारखं धरून बसले! घरी गेले की नाही मग?"

मी लिहिलं, गेले. मला काय माहीत.

बरं झालं, मागच्या वर्षी मी आईला एकही फोटो पाठवला नव्हता. चॅट तपासून पाहिला. सगळे अभिजितने काढलेले, आमच्या दोघांच्या फोल्डरमध्ये पडून होते. आळस असा कामी येतो.

९ जुलै

पाच मजले भरून वाळत घातलेले कपडे. पाठवला. झोपले.

१३ जुलै

दुपारी दार वाजलं. शेजारची ब्रीडा. माझे कचऱ्याचे डबे दोन आठवडे बाहेर आले नाहीत म्हणून ती स्वतःच ओढून ठेवायला आली होती, रेनकोट घालून! सत्तरीची बाई. मला लाज वाटायला हवी होती.

"यू ग्रँड, लव्ह?"

"ग्रँड."

इथे ग्रँड म्हणजे मरत नाहीये एवढंच.

"अँड युअर मॅन? स्टिल अवे विथ वर्क?"

म्हटलं, हो. आईसाठी मी तुरीनमध्ये नवऱ्याबरोबर. ब्रीडासाठी नवरा दौऱ्यावर आणि मी घरात. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी कॅमेरा बिघडलेली बाई. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवणं हाच दिवसभराचा उद्योग झालाय.

फोटो — सायकलवरून आईस्क्रीम सांभाळत चाललेली नन. आई हसून हसून दमली म्हणे.

१८ जुलै

आईने फोन केला. व्हिडिओ नको म्हटलं, नेट नाही नीट. बाहेर सीगल नुसते बोंबलत होते. छपरावरच्या धुराड्यावरच बसतात मेले.

"हे कोणते पक्षी ओरडून राहिले गं?"

"कबुतरं."

"बरं."

मग वांग्याच्या भाजीबद्दल बोलली. नागपूरला पाऊस नाही. शेजारच्या निहारिकाला मुलगी झाली. "जेवली नं तू?" मी म्हटलं, हो, पास्ता. टोस्ट खाल्ला होता. की काल खाल्ला होता?

२५ जुलै

चीज विकणारा मिशीवाला पाठवला. आईचं भलतंच — "आणि ते तीन पायाचं मांजर? बेकरीच्या पायरीवरचं? कसं आहे?"

मी कधी पाठवलं तिला मांजर? चॅट वरपर्यंत पाहिला, नाही सापडलं. बोलता बोलता सांगितलं असेल. माझं डोकं हल्ली चालतच नाही. फोल्डरमध्ये मात्र होतं — पायरीवर पसरलेलं, तिन्ही पाय तीन दिशांना. पाठवून दिलं. "मजेत आहे गं."

"हं. आता बरं वाटलं."

१ ऑगस्ट

काल उठलेच नाही. ऑफिसला आजारी म्हणून कळवलं आणि फोन उशीखाली सारला. संध्याकाळी पाहिलं तर आईचे मिस्ड कॉलच कॉल! घाबरून लावला.

"आजचा फोटो नाही आला."

"झोपले होते गं. गरम फार होतं."

मग म्हणाली, "पाठवत जा नं, ज्ञानू. शिळा असला तरी चालेल. पण पाठवत जा."

एवढी काय हौस तिला कळत नाही. आज उठल्या उठल्या पाठवला. खिडकीच्या हिरव्या झडपा, एक अर्धी उघडी, त्यातून बाहेर आलेला म्हातारीचा हात आणि सिगारेट.

७ ऑगस्ट

ऑगस्टमध्ये तुरीन बंद असतं. सगळे समुद्रावर. शटरवर सुट्टीच्या चिठ्ठ्या. अभिजितने त्या चिठ्ठ्यांचेच कितीतरी फोटो काढलेत, कुणाच्या चिठ्ठीवर छत्री काढलेली, कुणाच्या मासा. वेडा होता. रिकाम्या रस्त्यावर बोंब मारून आपलाच आवाज परत ऐकायचा. नळाला तोंड लावून पाणी प्यायचा, शर्ट ओलाचिंब, आणि मला म्हणायचा, ये नं!

मी गेले नव्हते. चप्पल नवी होती.

फोटो बघत बसले. वाटलं, आता रडू येईल. जांभई आली.

१२ ऑगस्ट

माशावाली चिठ्ठी. पाठवली.

१६ ऑगस्ट

आज एक गोष्ट लक्षात आली. आई अभिजितबद्दल एकदाही विचारत नाही. एरवी जावयाचं केवढं कौतुक! बरंच आहे. तेवढंच एक खोटं कमी.

१९ ऑगस्ट

फोल्डर तळाला आलं. उरलेत त्यात एक तर मी आहे, नाहीतर अभिजितची सावली. गेल्या वर्षी माझे केस लांब होते. ते नाही चालायचे.

फोटो संपले की काय करायचं? सांगावं लागेल. आईला सांगितलं की ते खरं होईल. इतके दिवस ते फक्त या घरात आहे.

नेटवर शोधलं. तुरीनचे शेकडो फोटो. सगळे सुंदर. एकातही कुणाला घाम आलेला नाही. आईला लगेच कळेल.

२३ ऑगस्ट

शेवटचा पाठवला. भाड्याच्या खोलीचं दार, बाहेर आमच्या दोन बॅगा, त्यांच्यावर कागदात गुंडाळलेले पीच. लिहिलं — "निघायची तयारी."

आईने फक्त जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवला.

२४ ऑगस्ट

पाठवायला काही नाही. म्हणून उठायलाही काही नाही. अकरा वाजले तरी पडून होते.

फोन वाजला. आईचा मेसेज. "आजचा?"

मी लिहिलं, "संपले."

"माहीत आहे. बॅगांचा शेवटचाच होता. अभिजितने मागच्या उन्हाळ्यातच पाठवले होते मला सगळे. मांजरासकट."

चॅट वर सरकवून मांजराचा मेसेज परत वाचला. तेवढ्यात तिचाच पुढचा आला —

"पहिल्याच दिवशी समजलं होतं. गोमुखाचा तर मोठा करून लावलाय स्वयंपाकघरात. बाकीचं तू सांगशील तेव्हा सांग. मी विचारणार नाही. पण रोज एक आला की मला समजे, उठली पोरगी."

मग — "उठली नं आज?"

उठले. खाली स्वयंपाकघरात गेले. खिडकीतून फोटो काढला. पाऊस, ब्रीडाने ओढून ठेवलेले डबे, दोरीवर कधीचा भिजत पडलेला माझा टॉवेल. डोळे इतके भरले होते की फोटो नीट आलाय की नाही तेही दिसलं नाही.

तसाच पाठवला.