निळ्या शाईतलं बासष्ट

प्रिय हिरूतताई,

मेस्कलच्या सणाचा जाळ पेटला त्या संध्याकाळी हे पत्र लिहायला घेतलं होतं, आणि आता चार महिन्यांनी तिमकतचा सण तोंडावर आलाय. कारणं हवी तेवढी देईन. दिरे दावाला गेलो, तिथून कांद्याच्या ट्रकवर बसून हरारला, वाटेत ट्रक बंद पडला, आणि ड्रायव्हरच्या सासूने अकरा दिवस जेवू घातलं. काय बाई होती! तिच्या मिरचीने माझी सर्दी कायमची पळाली. पण ते राहू दे. खरं कारण एकच, जे लिहायचंय ते तुला लागेल.

पिआसा बाजारातल्या गाण्यांच्या दुकानात एक सीडी आलीय. आपल्या जुन्या बँडची गाणी, तिकडे परदेशात, तुझ्याच शहरातल्या एका कंपनीने नव्याने काढलेली. दोन परक्या पोरी कानाला हेडफोन लावून डोलत होत्या. दुकानदाराने तिसरं गाणं मोठ्याने लावलं, सॅक्सोफोन वर चढला आणि मी ओरडलो, ‘अरे, हा माझा बाप!’ तो म्हणाला, ‘रोज एकाचा बाप निघतो यात. नाव वाच आधी.’ वाचलं. सॅक्सोफोन: वर्कू. आपले गाशे वर्कू! बँडमधले वयाने सगळ्यात मोठे, म्हणून मानाने सगळ्यांचे ‘गाशे’, अबाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे. दुसऱ्या सॅक्सोफोनवर. पहिला अबाबांचा.

मी कंपनीला पत्र टाकलं, अबाबांच्या पासपोर्टची नक्कल जोडून. उत्तर फार सभ्य होतं. मूळ तबकडीवर बासष्ट साल आहे, तुमच्या वडिलांचा जन्म पन्नासचा, बारा वर्षांचं मूल असं वाजवू शकत नाही, क्षमस्व. मी उलट लिहिलं, अहो शहाण्यांनो, पासपोर्टवरचं पन्नास तुमच्या सालाचं, तबकडीवरचं बासष्ट आमच्या सालाचं. आमचं पंचांग तुमच्या आठ वर्षं मागे चालतं, आमचं बासष्ट म्हणजे तुमचं सत्तर. बाप वीस वर्षांचा होता, मिशा होत्या त्याला! त्यावर त्यांचं म्हणणं, ते साल कुणी लिहिलं याचा पुरावा द्या, नाहीतर सोबतच्या कागदावर ‘हरकत नाही’ म्हणून सही करा, पाच सीड्या फुकट. त्या कागदात मी भाजलेले सातू बांधून बसस्टँडवर खाल्ले.

अबाबा शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाले, ‘सोड रे. वर्कूला नातवंडं आहेत. दाखवू दे त्यांना.’ मी म्हटलं, ‘आणि तुमच्या नातवंडांना काय दाखवायचं? गणवेशाची काजं?’ एमाये आतून म्हणाली, ‘बोल, माझ्या लेका, बोल. आठवीत शाळा सोडली, तोंड तेवढं सोबत आणलंस.’ पण मी सोडणार नाही, ताई. सैनिकांचं राज्य आलं, गाणी बंद झाली, बँड मोडला, बाजा पलंगाखाली गेला, तेव्हा अबाबा गप्प बसले, कारण तोंड उघडणारे घरी परत येत नव्हते. आता कसली भीती? सभ्य पत्राची?

आणि आता ते लागणारं. सीडीच्या कव्हरवर मूळ तबकडीचा फोटो आहे. मधल्या कागदावर निळ्या शाईत साल लिहिलंय, अबाबांच्या त्या शेपटीवाल्या आकड्यांत. त्याच्या बाजूला गुलाबी डाग. तुझ्या नखांचा रंग सांडला होता तो, आठवतं? एमायेने तुला चपलेने मारलं होतं. तर ती तबकडी तूच विकलीस. तुझ्या विमानाच्या तिकिटाचे पैसे कुठून आले, हे कोडं मला तिथे दुकानात उभ्या उभ्या सुटलं. आठ दिवस मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. मग फोटो अबाबांना दाखवला. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘मला माहीत होतं. पेटीत पडून काय वाजली असती ती? पोरीने तिला जग दाखवलं.’

म्हणून लिहितोय. तू लाजून सहा वर्षं पत्र पाठवलं नाहीस, ते पुरे झालं. कंपनीच्या दारात जा आणि सांग, ही तबकडी माझ्या घरातली, डाग माझा, आकडे माझ्या बापाचे आणि वाजवणाराही तोच. चोरून विकली हेही सांग, पण मान खाली न घालता. तो पुरावा अख्ख्या जगात फक्त तुझ्याकडे आहे. थांब, दार वाजतंय. एमाये कॉफीचा तिसरा, शेवटचा कप ओततेय, या वेळी कोण? ताई, गाशे वर्कू आलेत! लग्नातला कोट, हातात काठी, बगलेत ती सीडी. आत न येताच अबाबांवर ओरडताहेत, ‘तेफेरा, ही परकी अक्षरं नातीने काल वाचून दाखवली! मी समजलो, कंपनीने बँडमधल्या सगळ्यांना एकेक पाठवलीय. इतका भिकारी वाटलो तुला, की तुझा श्वास माझ्या नावावर खपवीन? तुझ्या त्या भटक्या पोराला म्हणावं कागद घे, मी सांगतो तसं लिही.’ अबाबा यंत्र सोडून उठलेत. घरात कागद हाच एक. तेव्हा पत्र उलट, मागच्या बाजूला गाशेंचा जबाब आहे, खाली त्यांची सही.

तुझाच, अजून तोंड असलेला,
नहू