साहेब आले की प्रिंटर बंद

१० नोव्हें., सोम.
आलं एकदाचं नवं मशीन. तिन्ही टेबलांवरचे जुने खडखडे प्रिंटर माळ्यावर गेले, आता सगळ्या ऑफिसला मिळून हे एकच. साहेब दिंडोरीला बागा बघायला गेलेत. जाताना विचारत होते, "मॅडम, जोडायला माणूस बोलवू का?" म्हटलं, कशाला? माती, पाणी, द्राक्षाच्या पानांचे देठ तपासणारी लॅब चालवतो आपण, आणि एक प्रिंटर जोडता येऊ नये? मी करते.

दोन तास लागले. वायर राऊटरला लावली, मशीनच्या पडद्यावर त्याचा नंबर बघितला (शेवटी ५), तो माझ्या, प्राजक्ताच्या आणि लॅबमधल्या कॉम्प्युटरात घातला. पहिल्या फटक्यात कागद बाहेर! प्राजक्ता (रिपोर्ट टाईप करते, वय सव्वीस, तोंड छत्तीसचं) म्हणाली, "ताई, भारी हं." भारी आहेच. नंबर चिठ्ठीवर लिहून मशीनलाच चिकटवला. नंतर कुणी डोकं खायला नको.

देवराममामांनी हळदकुंकू वाहिलं, तेही थेट काचेवर. मी ओरडले. मग त्यांनी ट्रेला वाहिलं. मामा आमचे शिपाई, सुरगाण्याकडचे. चौदा वर्षं ऑफिस उघडतात तेच, सगळे कॉम्प्युटर चालू करून ठेवतात तेच, बंद करतात तेच.

११ नोव्हें., मंगळ.
छे! साहेब आज ऑफिसात. आल्या आल्या त्यांच्याही कॉम्प्युटरात नंबर घातला, सगळ्यांना बोलावलं, म्हटलं दाबा बटण. साहेबांनी दाबलं. ऑफलाईन. परत दाबलं. ऑफलाईन. माझ्या टेबलावरून, तेच. वायर बदलली. मशीन बंद-चालू केलं. चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा सगळीकडे घातला. ढिम्म.

शेवटी प्राजक्ता पेनड्राइव्ह मशीनलाच लावून एकेक रिपोर्ट काढत बसली. साहेब घड्याळ बघून आपल्या खोलीत गेले. बोलले असते तर बरं.

१२ नोव्हें., बुध.
साहेब निफाडला. सकाळी बटण दाबलं आणि कागद आला! मी काहीही न करता. काल नुसते नखरे. चाळीस रिपोर्ट धडाधड. साहेबांना फोन करून सांगितलं, झालं चालू, लहानसा लोचा होता. कसला लोचा ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
साहेब आले, मशीन मेलं.

नामपूरचे एक डाळिंबवाले बाबा दहापासून बाकावर. दर पंधरा मिनिटांनी उठून, "ताई, मना रिपोर्ट कोठे शे?" आता काय सांगू कोठे शे. कॉम्प्युटरात आहे, पेनड्राइव्हवरून एकेक काढताना पाळी येत नाही! साहेबांनी ऐकलं. "मॅडम, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी वर्षाच्या करारावर माणूस लावतो." प्रिंटरसाठी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत मी उभी राहणार? वीस वर्षांच्या नोकरीनंतर?

प्राजक्ता जेवताना म्हणाली, "संध्याकाळी चांगला असतो, सकाळी बिघडलेला. मध्ये एकटे मामाच असतात ना ताई." ती बोलून गेली, माझ्या डोक्यात किडा बसला. मामांना हे मशीन आवडलेलं नाहीच. आधी प्रत्येक टेबलावरून कागद उचलून ते सहीला नेत. आता आम्हीच उठून घेतो.

१४ नोव्हें., शुक्र.
साहेब ऑफिसात. मशीन बंद. बाकावर सहा शेतकरी.

माझा तोल गेला. मामा चहा घेऊन आले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तुम्ही सकाळी येऊन याला काय करता?"

"काय नाय मॅडम. रोज करतो तसंच."

"रोज करता म्हणूनच रोज बिघडतं!"

बाकावरचे हसले. साहेब दारात उभे. म्हणाले, "मामा, सोमवारपासून आडगावच्या शेडवर जा. नमुन्यांच्या पिशव्या रचायला माणूस पाहिजेच आहे."

मामांनी चहाचे कप सगळ्यांना दिले. मलाही दिला. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. येतो म्हणाले नाहीत. रोज म्हणतात.

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटत.

१५ नोव्हें., शनि.
मामा आले नाहीत. साहेब पिंपळगावला. मी साडेआठला येऊन कुलूप उघडलं, मेन स्विच वर केला आणि कुणाचा हात लागायच्या आत सगळ्यात आधी प्रिंटरच चालू केला. बघू आता कोण बिघडवतं. मग माझा कॉम्प्युटर, मग बाकीचे. बटण दाबलं.

ऑफलाईन.

मामा नाहीत. साहेब नाहीत. मी एकटी. धाडकन खुर्चीत बसले.

मग ही वही काढली. सोम. साहेब नाहीत, चालू. मंगळ. आहेत, बंद. बुध. नाहीत, चालू. गुरु., शुक्र. आहेत, बंद. माझ्याच अक्षरात! उठून मशीनच्या पडद्यावर बघितलं. नंबर २. आणि माझ्या चिठ्ठीवर ५.

लख्ख कळलं. आमचा राऊटर सकाळी उठला की येईल त्याला रांगेनं नंबर वाटतो. पहिल्याला दोन, दुसऱ्याला तीन. मामा सकाळी आम्हा सगळ्यांचे कॉम्प्युटर चालू करून ठेवतात, आणि तेही मानानं. साहेब येणार असतील तर आधी साहेबांचा, मग माझा, मग प्राजक्ताचा, मग लॅबचा, शेवटी मशीन. मागे एकदा मी हसले होते तर म्हणाले होते, "मान असतो ना मॅडम." साहेब नसले की त्यांचा बंदच ठेवतात, मशीन एक घर पुढे सरकतं, पाच नंबर मिळतो, चालतं. साहेब आले की सहा. आणि आम्ही सगळे पाचवर कागद पाठवतोय, म्हणजे लॅबच्या कॉम्प्युटरला!

पण राऊटर रोज विसरतो का? रोज रात्री वीज तोडतात म्हणून. का तोडतात? दाराशेजारी कागद आहे: 'कार्यालय बंद करताना मेन स्विच न चुकता बंद करावा.' मागे शॉर्टसर्किट झालं तेव्हा लावलेला. खाली सही कुणाची? माझी.

मशीनमध्ये कायमचा नंबर घातला. दहा मिनिटांचं काम, पहिल्याच दिवशी करायचं. आता कुणीही कसंही चालू करा, चालतं. दहा कागद काढले. एकही बघावासा वाटला नाही. मी त्या माणसाला सहा लोकांसमोर चोर ठरवलं, आणि तो माझाच हुकूम पाळत होता.

१६ नोव्हें., रवि.
मामांचा फोन बंद. दुपारी त्यांच्या सूनबाईंचा लागला. गावीच आहेत, नागलीची (नाचणीची) झोडणी चालू आहे. मागून मामांचा आवाज ऐकू आला, "नाय बोलायचं." सूनबाई बिचारी म्हणाली, रेंज नाय.

ह्यांना सगळं सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या तोंडाला ब्रेक नाही हे मी लग्नापासून सांगतोय." मी चिडले. पण खरं आहे.

१७ नोव्हें., सोम.
साहेब हजर, प्रिंटर चालू. खूश! "वा मॅडम, वाटलंच होतं." म्हटलं, थांबा. सगळ्यांना बोलावून सांगितलं, चूक माझी, मामांची काही नाही. त्यांना परत बोलवा.

साहेब म्हणाले, "झालं ना चालू? मग आता कशाला उकरता. शेडवर माणूस लागतोच."

"मी सगळ्यांसमोर बोलले होते. आता माफीही सगळ्यांसमोरच मागावी लागेल."

जाऊन टाईप केलं. प्रिंटरच्या बिघाडाचा देवराममामांशी काहीही संबंध नव्हता, तो मी चुकीचा जोडला होता, त्यांना दोष दिल्याबद्दल मी त्यांची माफी मागते. सही. एक प्रत बोर्डावर, एक साहेबांना. साहेबांनी दोनदा वाचलं. "बोर्डावर कशाला मॅडम, शोभतं का?" म्हटलं, शोभायला नाहीच लावलं. शेवटी कबूल झाले, पुढच्या सोमवारपर्यंत मामांची जागा तशीच ठेवू. त्यानंतर नाही.

१९ नोव्हें., बुध.
रजा टाकून मामांच्या गावी गेले. एस.टी.नं सुरगाणा, पुढे जीप. अकरा माणसं आणि एक कोंबडा.

मामा खळ्यावर. मला बघून उठले, बाज आणली, पाणी आणलं. मी कागद दिला. वाचायला वेळ लागला. मग मी तोंडानंही सांगितलं, चुकले मामा, माफ करा. रडू आलं. येऊ दिलं.

कागदाची घडी घालत म्हणाले, "चुकी होते मॅडम. कोणाची पण होते. पण तुम्ही मला इचारलं नाय. इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं ना, आधी काय चालू करतो, मागून काय." पाच दिवसांची वणवण एका प्रश्नात संपली असती.

मामींनी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं वाढलं. किल्ल्या मी पर्समधून काढून बाजेवर ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आलो तर ते मशीन मला सगळं शिकवायचं. नंबर कुठून येतो, कसा घालायचा, सगळं. नुसतं बटण नाय." म्हटलं, शिकवते. "पोरापुढं पण सांगा." त्यांच्या मुलापुढे पुन्हा सांगितलं. मुलानं मान हलवली, माझ्याकडे बघितलं नाही.

जीपपर्यंत सोडायला आले. येता का, विचारलं. "बघू," म्हणाले. किल्ल्या परत माझ्या पर्समध्ये.

२२ नोव्हें., शनि.
देठांचे नमुने वाढलेत. आज दोनशे रिपोर्ट, मशीन एकदाही अडलं नाही. साहेब दुसऱ्या ऑफिसवाल्यांना फोनवर सांगत होते, आमच्या मॅडमनी स्वतः जोडलं. मी खोलीतून बाहेर गेले.

मामांना शिकवायचं म्हणून मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून काढल्या. चार पानं. प्राजक्ताकडून तपासून घेतली, तिनं दोन चुका काढल्या. मुकाट्यानं दुरुस्त केल्या.

जाताना साहेबांनी आठवण दिली, सोमवारी मामा आले नाहीत तर दुसऱ्या माणसाला हो सांगणार. सुरगाण्याची पहिली गाडी साडेनवाच्या सुमारास सीबीएस बसस्टँडला लागते. मी नऊलाच ऑफिसात असणार.

प्राजक्ता पर्स आवरता आवरता म्हणाली, "ताई, येतील का मामा?"

"येणार म्हणजे काय, येणारच," मी म्हणाले. नेहमीसारखं, ठसक्यात. ती दारापर्यंत गेली. मग मला राहवलं नाही.

"मला माहीत नाही गं," म्हटलं.

ती परत आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.