सहा मिनिटं आधी सोडलेला रोजा

बाई,

हे पत्र मी किती वेळा पुढे ढकललं ते सांगत बसलो तर त्याचंच एक पत्र होईल. गोकर्णला त्यासाठी वही घेतली होती, ती बसमध्ये राहिली. हृषीकेशला एका आश्रमात भांडी घासायचो, तेव्हा रोज ठरवायचो की आज लिहू, आणि कोणीतरी म्हणायचं, चल, वर धबधबा आहे. की निघालो. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या पायाला भिंगरी आहे ते ठीक, पण डोक्यालाही आहे." आत्ताही एक विमान उठलं नव्या विमानतळावरून आणि ते दिसेनासं होईपर्यंत मी बघत बसलो. तुमच्या वेळी तिकडे नुसती माती उडायची. असो. कॉलेजच्या गच्चीवर बसलोय. शिपाईमामांनी जुन्या हजेरीपत्रकांची पाठकोरी पानं दिली आहेत. दिवस मावळायला थोडा वेळ आहे आणि माझा आज उपास आहे. म्हणजे रोजा आहे. तोच, राहिलेला.

शनिवारी तुम्ही आम्हा मुलांना घेऊन बसायचात ते मला आवडायचं, कारण तिथे कोणी भाषण देत नव्हतं. बॉटनीची ती खोली, बाटल्यांतली पानं, फॉर्मलिनचा वास, आणि तुमचा एकच नियम: ज्याचं जे सण-व्रत आहे ते त्याने करावं, बाकीच्यांनी सोबत करावी, प्रश्न नंतर. एकादशीला सगळ्यांनी साबुदाणा खाल्ला आणि सगळ्यांना ॲसिडिटी झाली. नाताळच्या आधी आपण चर्चची बाकं पुसली, तेव्हा फादर म्हणाले की इतकी मुलं तर रविवारीही येत नाहीत. मग माझी पाळी आली. आमच्या सुकापूरच्या घरात देव्हारा होता, पण आई गेल्यावर त्यात मोबाईलचे चार्जर राहायला लागले. मी म्हटलं, "बाई, माझं काहीच नाही." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "नाही तर नाही. मग तू वेळ सांभाळ." घड्याळ बघणं हेच माझं काम झालं. हसू नका, पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या खोलीत माझी जागा आहे.

म्हणून ती संध्याकाळ जात नाही डोक्यातून. रमजानचा शनिवार. आपल्यात रोजा ठेवणारी ती एकच मुलगी, पण सोबत म्हणून आपण सगळेच दिवसभर उपाशी. खाली खोलीत खजूर, कलिंगड, भजी मांडलेली. खोलीत पंख्याच्या घरघरीत अजान ऐकू येत नाही, म्हणून मी गच्चीवर. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मिनारावर हिरवा दिवा लागला की जिन्यातून ओरडायचं, एवढंच. मी उभा आहे, बघतो आहे, आणि मग स्टेशनकडे एक लांबच लांब मालगाडी येते. मी डबे मोजायला लागतो. चाळीसपर्यंत मोजतो. मान वर करतो तर समोर हिरवा दिवा. मी जिन्यात ओरडतो, "झाली! सोडा!"

तो रेल्वेचा सिग्नल होता.

मी उड्या मारत खाली आलो तेव्हा सगळ्यांचे गाल भरलेले. मामांनी खिडकी उघडली तरी अजान येईना. ती खजुराची बी हातात धरून म्हणाली, "अरे, अजान कुठे झालीय अजून?" मग झाली अजान, सहा मिनिटांनी. "गेला ना माझा रोजा!" एवढंच म्हणाली. तुम्ही मला रागावलाही नाहीत. म्हणालात, "ती ईदनंतर हा रोजा परत ठेवेल. त्या दिवशी तूही ठेवायचास, तिच्यासोबत." मी मान हलवली. आणि त्याच आठवड्यात गेलो. कॉलेज सुटलं, पनवेल सुटलं. लोकांना सांगायचो की फिरायला निघालो. देव शोधायला, असंही एक-दोघांना सांगितलं.

तुमचे दोन मिस्ड कॉल आले तेव्हा मी मडगाव स्टेशनबाहेर ऑम्लेट खात होतो. नंतर करू म्हटलं. पुढे कधीतरी कोणाच्या तरी स्टेटसला तुमचा फोटो दिसला, हार घातलेला.

मागच्या आठवड्यात परत आलो. कामोठ्याला एका मित्राच्या खोलीवर टेकलोय. इथे आलो तर बॉटनीच्या खोलीत मोडके बेंच कोंबलेले, आणि मामा तसेच, स्टुलावर. "कवा आलास रं? बाई नाय आता, ठाव हाय ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. ईदनंतरच्या त्या दिवशी ती रोजा ठेवून आली, तुम्ही माझी वाट बघितलीत, आणि मग माझ्या जागी तुम्हीच बसलात. "पानी पन नाय प्यायल्या. मी बोललो, तो पोरगा पलाला, तुमी कशाला? तर बोलल्या, गैरहजर हाय, पलाला नाय."

बाई, मी पळालोच होतो.

म्हणून आजचा हा रोजा. रमजान नाही, मिनारावर दिवा लागणार नाही, अजानच ऐकायची. सोबतीला कोणी नाही. तिचं सासर आपट्याला, आणि तिला फोन करायची माझी हिंमत नाही. सिग्नल आत्ताच हिरवा झाला. मी हललो नाही, लिहून ठेवतो.

पण एक राहिलं. तुम्हीच एका शनिवारी तिला आम्हाला समजावून सांगायला लावलं होतं की विसरून काही पोटात गेलं तर रोजा तुटत नाही. दुपारी नाक्यावर कोणीतरी कटिंग चहा पुढे केला आणि सवयीने घेतला. पहिला घोट विसरून घेतला. दुसरा आठवून. तेवढं एक तुम्हाला सांगायचं होतं. आता तुम्हाला कुठे पाठवू?

जिन्यात मामा कोणाशी तरी बोलतायत. "वर हाय तो. उपाशी बसलाय येडा."

बाई, ती आली आहे. धापा टाकत, हातात स्टीलचा डबा. जाडी झालीय थोडी. आल्या आल्या म्हणते, "मामांचा फोन आला. खजूर आणलेत. पण या वेळी वेळ मी सांगणार, तू तोंड बंद ठेव. आहे ना रोजा?"

अजून सहा-सात मिनिटं असतील. तेवढ्यात तिला दुसऱ्या घोटाचं सांगायला हवं.